कबरीच्या दगडावरचं माहेर



ठाण्यातल्या कोपरीच्या या व्याख्यानमालेला विषय कळवला तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली आणि मग कार्यकर्त्यांनी विचारलं, 'कबरींवर? तासभर?' त्यांचा संकोच मला समजतो. आपल्याकडे स्मशान वेशीबाहेर असतं आणि त्याच्याबद्दलचं बोलणंही वेशीबाहेरच ठेवायचं असतं. पण मला मृत्यूवर बोलायचं नाही. मला घराण्यांवर बोलायचं आहे; घराण्यांतल्या ज्या माणसांची नावं कागदावरून गळून पडली, त्यांतली काही दगडावर कशी सापडतात, यावर बोलायचं आहे.

आधी एक प्रश्न. आजोबांच्या वडिलांचं नाव या सभागृहात बहुतेकांना सांगता येईल. त्यांच्याही वडिलांचं काहींना सांगता येईल. आता आईच्या आईचं माहेरचं आडनाव आठवून बघा. आणि तिच्या आईचं? इथे आपण सगळेच अडतो. यात विसरभोळेपणाचा भाग थोडा आहे, व्यवस्थेचा जास्त. श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी यांचीही विचारतात, पण ती सासरची नावं. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव टिकतं. आधीचं नाव आणि आधीचं घर मुलीच्या लहानपणाबरोबर पुसलं जातं. जुने कुलवृत्तांत काढून बघा. वंशवृक्षाच्या फांद्यांवर मुलगे बसलेले असतात. मुली असल्याच तर तळाशी बारीक अक्षरांत.

हिंदू घरांचं मूळ शोधायचं तर दगड नाही, वही गाठावी लागते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या, आडनावाआडनावांच्या नामावळ्या आहेत. यात्रेला गेलेला पूर्वज आपल्या हातानं आपलं, बापाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून सही करून आला आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या तर अमेरिकेतल्या युटा वंशावळी संस्थेनं १९७७ पासून मायक्रोफिल्मवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. कोपरी कॉलनीतल्या सिंधी कुटुंबांना हे सांगायला नको. फाळणीत घर, गाव, मसणवट, सारं मागे राहिलं. पण हरिद्वारची बही तिथेच होती. सिंधमधल्या पूर्वजांची नावं गंगेकाठी सापडतात, हे त्या वह्यांचं मोठेपण. तरीही, त्या वह्यांतही यजमान पुरुषच.

दहन करणाऱ्या समाजाच्या मागे सहसा दगड उरत नाहीत, पण अपवाद आहेत. संन्याशांच्या समाध्या, लिंगायतांची दफनभूमी, कुणा सतीचा हात कोरलेली शिळा, नदीकाठचं वृंदावन. आणि वीरगळ. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांची रांग आहे. त्यांवर वल्ह्यांची जहाजं कोरली आहेत, एकमेकांवर चालून जाणारी. शिलाहार आणि यादवांच्या समुद्रातल्या लढाईशी ते जोडले जातात. कोरीवकाम अप्रतिम, पण मेलेल्या योद्ध्यांची नावं आज वाचता येत नाहीत. वंशावळ शोधणाऱ्याच्या हाती तिथे काही लागत नाही. पराक्रम आहे, पत्ता नाही.

आता पूल ओलांडून ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला चला.

ठाण्यातल्या दफनांची कागदोपत्री गोष्ट फार मागे जाते. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमेट्रियस. त्यांचा सोबती जॉर्डानस यानं त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी आला, त्यानं ती हाडं उकरली आणि बरोबर घेऊन थेट चीनपर्यंत गेला. सांगायचा मुद्दा हा की माणूस जिथे पुरला तिथेच राहतो, हेसुद्धा गृहीत धरू नये.

वसईच्या किल्ल्यात गेला असाल तर सेंट अँथनीच्या पडक्या चर्चच्या जमिनीतले कोरीव दगड पायाखाली आले असतील. लोक त्यांवर उभं राहून फोटो काढतात. गेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवरचं पुस्तक १८७६ साली प्रसिद्ध केलं, त्यात हे लेख नोंदले आहेत. पोर्तुगीज लेखांचा साचा ठरलेला: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. म्हणजे दगड एकाचा, जागा घराण्याची. वर ढाल, शिरस्त्राण, कुलचिन्ह. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ही घराणी पांगली. वारस गोव्याला गेले, कबरीवरचं त्यांचं आरक्षण मात्र अजून दगडावर आहे. द कुन्हांनी लिहून घेतलं तेव्हा स्पष्ट असलेली काही अक्षरं आता पावसानं आणि पायांनी सपाट केली आहेत. दगड टिकतो हा आपला समज आहे. बऱ्याचदा दगडाची नक्कल दगडापेक्षा जास्त टिकते.

इंग्रजांनी हे फार आधी ओळखलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इलाख्याइलाख्यातल्या युरोपीय कबरींच्या लेखांच्या याद्या सरकारी खर्चानं छापल्या गेल्या. मद्रासची कॉटनची यादी १९०५ ची. पुढे १९७६ मध्ये दक्षिण आशियातल्या कबरस्तानांसाठी लंडनला एक संस्थाच निघाली. त्यांची माणसं, त्यांची काळजी, ठीक आहे. देशी माणसांच्या कबरींच्या अशा याद्या कुणी केल्या नाहीत. कल्याणच्या शेणाळे तलावाकाठचा मातबरखानाचा मकबरा गॅझेटियरमध्ये येतो, कारण तो मोठा अधिकारी. त्याच गावातल्या कोकणी मुसलमान कुटुंबांच्या साध्या कबरी कुठल्या यादीत येणार? त्यातल्या पुष्कळांवर मुळात नावच नसतं. कबर साधी असावी, हीच त्यांची रीत.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो: आपल्या ठाण्यातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू.

टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटल रोडवर त्यांचं सिनेगॉग आहे, शाआर हाशामाईम, स्वर्गाचं दार. बांधकाम १८७९ चं. आज देशभरात बेने इस्रायल पाच हजारांच्या आसपास उरले असतील आणि त्यांतली सर्वांत मोठी वस्ती ठाण्यात आहे. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, ही त्यांची परंपरागत कथा. नवगावच्या दफनभूमीत बुडालेल्यांची स्थानं दाखवतात. हाएम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. कोकणातल्या घराण्यांची जुनी माहिती हवी तर अजूनही त्या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

या लोकांचा दगड वंशावळीच्या कामाला इतका का उपयोगी? पहिलं कारण धर्माचं. ज्यू रीतीत कबर पुन्हा वापरत नाहीत. पुरलेला माणूस तिथेच राहतो. आपल्याकडच्या कॅथलिक चर्चांची गोष्ट वेगळी. मुंबई-ठाण्यात जागा नाही, म्हणून काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि वर संगमरवराची फूटभर पाटी लावतात. त्या पाटीवर आजोबा, आजी, काका, तान्हं मूल, सगळे एकाखाली एक. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, कुटुंबाचा अर्धा वंशवृक्ष एका पाटीवर मिळू शकतो, हा त्यातला फायदा. मूळ दगड, मूळ जागा आणि शेजारी कोण होतं ही माहिती गेली, हा तोटा. कबरस्तानात शेजार फार बोलका असतो. विहिणीविहिणी, मेहुणे, दीर-भावजया एकमेकांलगत सापडतात आणि ज्या नात्याचा कागद नाही त्याची शंका तिथे पहिल्यांदा येते.

दुसरं कारण लिपीचं. जुन्यात जुन्या कोकणी बेने इस्रायल कबरींवर लेखच नाहीत; नुसते घडीव किंवा अनघड दगड. कोकणातल्या तेल्याला हिब्रू कुठून येणार? कोचीनचे शिक्षक आले, मग मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. १८४६ साली मुंबईत ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघाली. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोन्ही अक्षरं येणारी पिढी तयार झाली, आणि मग दगडांवर हिब्रू आणि बाळबोध शेजारी शेजारी दिसू लागली. पुढे इंग्रजीही आली.

असा दगड वाचायचा कसा, ते एका नमुन्यावरून दाखवतो. नावं मी बसवलेली आहेत. खऱ्या दगडावरचं घेतलं तर त्या घरची माणसं इथे बसलेली असायची. समजा मराठीत लिहिलं आहे, 'राहेलबाई कोम अब्राहम पेणकर'. वरच्या हिब्रू ओळीत आहे, 'राहेल बत यहेज्केल'. बघा काय झालं. जुन्या मराठी दप्तरात बाईचं नाव लिहायची रीत म्हणजे कोम आणि पुढे नवऱ्याचं नाव. कुठे कुठे भ्रतार. पुरुषाला बिन आणि बापाचं नाव. खेडेगावच्या खतांत, खटल्यांत हेच दिसतं. हिब्रू रीतीत मात्र बाई लग्न झालं तरी बापाचीच मुलगी. बत म्हणजे मुलगी. एकाच दगडाच्या दोन ओळींत एकाच बाईची दोन घरं लिहिली गेली. खाली सासर, वर माहेर. आपल्या जुन्या सरकारी कागदांवर, वह्यांवर, उताऱ्यांवर ही सोय सहसा नव्हती. हे कुणी स्त्रियांच्या कळवळ्यानं केलेलं नाही. दोन रिवाज एका दगडावर शेजारी आले, एवढंच घडलं. पण मी तुमच्यासमोर आज जे मांडायला आलो त्याचा गाभा हाच आहे.

आता यहेज्केल कोण? मराठी कागदांत या नावाचा माणूस शोधत बसलात तर सापडणार नाही. कारण कोकणात यहेज्केलचा हसाजी होतो. सॅम्युएलचा समाजी, मोशेचा मुसाजी, एलियाहूचा एलोजी. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकियल दिवेकर घरच्या नावानं समाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधलं, आणि हार्बर लाइनवरचं मस्जिद स्टेशन ज्या मशिदीवरून नाव घेतं ती मशीद म्हणजे हे सिनेगॉग, असं सांगितलं जातं. तर आपल्या राहेलबाईचा बाप हिब्रूत यहेज्केल, पेणच्या किंवा पनवेलच्या कागदात हसाजी, आणि नातवाच्या रेल्वेच्या नोकरीच्या कागदात इझिकियल. माणूस एक, नावं तीन. दगड पहिलं देतो. बाकीची दोन तुम्ही जुळवायची.

आडनावाचाही असाच गुंता. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, केहीमकर, नवगावकर; आडनावात गाव धडधडीत बसलेलं आहे. पण ते गाव सांगतं, जात सांगत नाही. दिवेकर हिंदूही आहेत. शिवाय शहरात आल्यावर पुष्कळांनी गाव टाकून दिलं. वरळीच्या ई. मोझेस रोडवरून आपण जातो. एलिजा मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले, घराणं राजपूरकर. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा, नट डेव्हिड, हा डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे मूळचं चौल. कवी निस्सीम इझिकियल यांचं घराणं तळकर. पडद्यावर, रस्त्यावर, पुस्तकावर एक नाव. गावचं नाव कुठे राहतं? बऱ्याचदा आजोबाच्या कबरीवर. इंग्रजी नावाच्या नातवाचा धागा कोकणातल्या गावाला जिथे जुळतो ती जागा अनेकदा तीच असते.

तारखेकडे वळू, कारण बहुतेक हौशी शोधक इथे आपटतात. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. प्रत्येक अक्षराला किंमत आहे. ताव म्हणजे ४००, रेश २००, नून ५०, बेत २. ही चार अक्षरं शेजारी दिसली तर बेरीज ६५२. हजाराचे पाच लिहायचे नाहीत, धरून चालायचे. म्हणून साल ५६५२. त्यातून ३७६० वजा केले की इसवी १८९२. पण ज्यू वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून नव्या वर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ३७६१ वजा करायचे. महिना शेवात लिहिलेला असेल, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, तर १८९२ बरोबर. महिन्याच्या १५ तारखेला दहा आणि पाच ही अक्षरं वापरत नाहीत, कारण त्यांतून देवाचं नाव तयार होतं. नऊ आणि सहा लिहितात. माहीत नसलेला माणूस तिथे चूक समजून 'दुरुस्ती' करतो.

खरा घोटाळा पाथरवटाचा. कोकणातला कारागीर हिब्रू जाणत नव्हता. कागदावर काढून दिलेली आकृती तो दगडावर उतरवायचा. हिब्रूत बेत आणि काफ ही अक्षरं जवळपास सारखी. बेतची किंमत २, काफची २०. ताव, रेश, काफ म्हणजे ६२०, इसवी १८५९-६०. ताव, रेश, बेत म्हणजे ६०२, इसवी १८४१-४२. एका कोपऱ्याच्या गोलाईनं अठरा वर्षं इकडची तिकडे. अठरा वर्षांत बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते. आणि सुटका कशी करायची? नेहमी होत नाही, पण कधी कधी अक्षरांचा क्रमच साक्ष देतो. मघाच्या ६५२ मध्ये शेवटचं अक्षर काफ असूच शकत नाही, कारण पन्नासापुढे वीस कुणी लिहीत नाही. सत्तरला वेगळं अक्षर आहे. म्हणून तिथे बेतच. दालेत आणि रेश यांचंही असंच. एक ४ चं, दुसरं २०० चं.

दगडावर शक असेल तर काम फार सोपं होतं. शके १८१३ मध्ये ७८ मिळवले की १८९१. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९. संवत्सराचं नाव दिलं असेल तर उत्तम. १८१३ चं खर. नाव जुळलं नाही तर आकडा झिजलेला आहे असं समजावं. आणि इथे एक गंमत आहे. ज्यू महिना आणि आपला अमांत महिना, दोन्ही अमावास्येच्या मागोमाग सुरू होतात. त्यामुळे शेवातची पंचमी आणि माघ शुद्ध पंचमी एक-दोन दिवसांच्या फरकानं त्याच सुमाराला. वल्हांडण पौर्णिमेला येतो हे शेजारपाजारच्या हिंदूंना कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दिसत होतं. दोन्ही पंचांगांत अधिक महिना आहे. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांत सात वेळा, एक जादा अदार. आपला अधिक त्याच जागी येत नाही, म्हणून मधूनच एक महिन्याचा फरक पडतो. शिवाय त्यांचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात. संध्याकाळी सातला गेलेल्या माणसाची हिब्रू तारीख पुढची आणि इंग्रजी तारीख मागची. दगडावर तारखांत एका दिवसाचं अंतर दिसलं तर ती चूक नाही, ती वेळ आहे; माणूस दिवेलागणीनंतर गेला एवढी बातमी त्यातून मिळते. हिजरी दगडांनाही सूर्यास्ताचा हाच नियम. मात्र त्यांच्यात अधिक महिना नाही, म्हणून तेहतीस वर्षांत जवळजवळ एक वर्ष पुढे सरकतं आणि नुसतं ६२२ मिळवून चालत नाही.

पुरुषांच्या दगडांवर आणखी एक उपयोगी गोष्ट सापडते: हुद्दा. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या देशी फौजेत बेने इस्रायल आपल्या संख्येच्या मानानं पुष्कळ होते. सुभेदार, जमादार, पलटणीचा नंबर. पलटण कळली की लष्करी कागदांचं दार उघडतं आणि तिथे भरतीचं गाव, बापाचं नाव मिळण्याची शक्यता असते. पुढच्या पिढीच्या दगडांवर पलटण जाऊन रेल्वे, टपाल, इस्पितळ येतं. समाज कसा सरकला ते रांगेनं चालत वाचता येतं. पण ज्याला दगड परवडला त्याचीच ही कथा. बिनदगडाच्या कबरी प्रत्येक कबरस्तानात आहेत, आणि त्या मोजल्याशिवाय निष्कर्ष काढणारा संशोधक मला पटत नाही. वयाच्या आकड्यावरही फार विसंबू नये. साठ, सत्तर, ऐंशी हे आकडे संशयास्पद वाटावेत इतक्या वेळा येतात. वय सांगणारा मेलेला असतो, लिहिणारा अंदाज करतो.

मघाच्या राहेलबाईकडे परत येतो, कारण तिच्या वरच्या ओळीला एकदा फार मोठी किंमत आली होती.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाला प्रश्न पडला, हे लोक शतकानुशतकं इतरांपासून तुटून राहिलेले. यांचे विवाह, यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे होते का? ज्यू धर्मशास्त्रात जन्मानं ज्यू ठरतो तो आईवरून. १९६२ साली मुख्य रब्बी निस्सीम यांच्या काळात विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना गेली: बेने इस्रायल माणूस इतर ज्यूंत लग्न करू पाहत असेल तर त्याच्या आईची, आईच्या आईची, जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करावी. विचार करा. मुंबईहून गेलेल्या, पेण-पनवेल-ठाण्याच्या मुलाला विचारतात, तुझ्या आईच्या आईची आई कोण? ज्या संस्कृतीत तो वाढला तिनं सगळे कागद बापाच्या बाजूचे जपले आणि आता मागणी आईच्या बाजूची. समाज चिडला. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, धरणं धरलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि मग त्या सूचनेतून त्यांचं नाव निघालं.

त्या चौकशीचं समर्थन करावं असं मला मुळीच वाटत नाही. ती अपमानास्पद होती आणि ज्यांची झाली त्यांना तसंच वाटलं. पण वंशावळ शोधणारा म्हणून मी त्याकडे पाहतो तेव्हा दिसतं की हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाही विचारला असता तर आपणही निरुत्तर झालो असतो. चेंदणी कोळीवाड्यातला माणूस, कोपरी गावठाणातला आगरी, गोखले रोडवरचा ब्राह्मण, सगळे. आईच्या ओळीनं चार पिढ्या मागे जायला आपल्याकडे वाटच बांधलेली नाही. त्यांच्याकडे निदान एक पायवाट होती, हिब्रू ओळीतल्या बतची.

लहान मुलांचंही हेच. जन्म-मृत्यूच्या नोंदी काटेकोर होण्याआधी गेलेलं तान्हं मूल कुठल्याच वंशावळीत नसतं, कारण त्याचा वंश चालला नाही. दगडावर असतं. ठाण्यातल्या जुन्या युरोपीय कबरींतही ऐन विशीतल्या बायका आणि त्यांच्याशेजारी महिन्यांनी मोजायच्या वयाची मुलं दिसतात. घराण्यात एका पिढीत सहा मुलं झाली आणि वाढली दोनच, हे कळल्याशिवाय त्या घराण्याचा इतिहास कळला असं म्हणता येत नाही.

शेवटी थोडं व्यवहाराचं, कारण तुमच्यातले काही जण उद्याच निघतील अशी मला धास्ती आहे. आधी परवानगी. कबरस्तान ही बाग नाही. सिनेगॉगच्या, चर्चच्या, जमातीच्या विश्वस्तांना भेटा, हेतू सांगा, राखणदाराशी बोला. पुष्कळदा कुणाचा दगड कुठे होता आणि भिंत पडली तेव्हा कुठे हलवला हे त्यालाच ठाऊक असतं. दगड घासू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू, साबण, काही नको. एका पिढीनं उत्साहानं घासलेला संगमरवर पुढच्या पिढीला वाचता येत नाही. साधं पाणी, मऊ कुंचला, आणि मुख्य म्हणजे तिरपा उजेड. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर जा. दुपारी अक्षर बुजतं. उजेड अंगावर नसेल तर आरसा धरा किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूनं धरा. संगमरवरावरची शिशाची अक्षरं चोरांनी उपटून नेलेली असली तरी निराश होऊ नका. शिसं बसवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं राहतात आणि त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. चौलपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत खारा वारा आहे; पोरबंदरी दगडाचे पापुद्रे सुटतात, काळा दगड बराच धीर धरतो. लेख उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. 'रिबकाबाई'चं 'रिबेका' करू नका. ओळ जिथे तुटली तिथेच तोडा. न दिसलेलं अक्षर अंदाजानं भरू नका, रिकामं ठेवा.

आणि एकट्यानं जाऊ नका. हल्ली इस्रायलहून तिसऱ्या पिढीतली मुलं येतात. आजीची मराठी कानावर पडलेली असते, बोलताना 'अगं बाई' म्हणतात. पण देवनागरी वाचता येत नाही. हिब्रू मात्र मातृभाषा. आपलं बरोबर उलटं. एका दगडाची वरची ओळ त्यांना येते, खालची आपल्याला. अशा वेळी सासरचं नाव आपण वाचायचं आणि माहेरचं त्यांनी, आणि दोन्ही एकाच कागदावर एकाखाली एक लिहून घ्यायची: नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, दोन्ही तारखा, उजवीकडे कोण, डावीकडे कोण, आणि दगडाच्या पाठीमागे काही कोरलं आहे का ते.